एकतारी पाकाचं तापमान

दुसऱ्यांच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचा तिला पगार मिळत असे. औषधांचे कारखाने, दूध डेअऱ्या, दवाखाने आपापली तापमान मोजायची उपकरणं तिच्या लॅबमध्ये पाठवत. ती त्यांना बर्फात नाहीतर तापलेल्या तेलात बुडवून, कुठलं कितीनं चुकतंय ते कागदावर लिहून खाली सही करत असे. एकोणीस वर्षांत तिनं स्वतः न मोजलेल्या एकाही आकड्यावर सही केली नव्हती. बोलतानाही दशांश चिन्हापुढचा आकडा सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुणी 'अर्धा तास' म्हणालं की ती 'म्हणजे नक्की किती' अशा चेहऱ्यानं बघत राही. त्यामुळे ऑफिसात तिचं नाव पडलं दशांश. ते एकदा नवऱ्याच्या कानावर गेलं, आणि त्यानं ते तत्परतेनं घरी आणलं.

अशा या बाईनं गेली अकरा वर्षं लाडवांच्या बाबतीत धडधडीत खोटं बोलावं, याचं तिचं तिलाच नवल वाटे. पण ते वर्षातून एकदाच वाटे, आणि उरलेलं वर्षभर ती ते विसरून जाई.

झालं होतं असं. लॅबची दरवर्षी बाहेरून तपासणी होई, आणि ती सुखरूप पार पडली की प्रत्येकजण काहीतरी खायला आणी. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी तिच्या हातात रव्याच्या, पाकातल्या लाडवांचा डबा दिला. लॅबच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडता घेणाऱ्या. त्यांनी एक लाडू खाल्ला, दुसरा उचलला आणि विचारलं, "तुम्ही केलेत?"

दशांशच्या तोंडात लाडू होता. मान हलली. ती मान 'आमच्या घरचे' या अर्थानं हलली होती असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली, पण हललेल्या मानेला तळटीप जोडता येत नाही. तोंडातला लाडू गिळून खुलासा करता आला असता. फार तर वीस सेकंदांचं काम. पण तेवढ्यात बाई म्हणाल्या, "वाटलंच. थर्मामीटर कळणाऱ्या बाईला पाक जमणारच." आणि ते वाक्य दशांशला इतकं आवडलं, की लाडवाबरोबर तिनं खुलासाही गिळून टाकला.

पुढच्या वर्षी ती डबा घेऊन गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही.

आता मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. सोमवारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"मला भाषणं नकोत आणि वस्तू नकोत," त्या म्हणाल्या. "एकच मागते. रविवारी सकाळी तुमच्याकडे येते, मला ते लाडू शिकवा. आयुष्यभर मोजत बसले, हातानं काही केलं नाही. आता वेळच वेळ आहे."

"बाई, पुस्तकांमध्ये असते की कृती," दशांश म्हणाली.

"पुस्तकं मला तपासावी लागतील. तुम्ही सांगितलेलं तपासावं लागत नाही. माझ्या सबंध नोकरीत अशी माणसं मी दोनच पाहिली. त्यातला एक वारला."

दशांश आपल्या टेबलाशी येऊन बसली. एकोणीस वर्षांत मिळालेलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र तिला नुकतंच मिळालं होतं, आणि रविवारी सकाळी साधारण अकराच्या सुमारास ते परत जाणार होतं.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगून टाकलं. नवरा विमा कंपन्यांसाठी आगीत, पुरात झालेलं नुकसान पाहायला जाई. त्याचा प्रश्न विचारायचा आवाज इतका शांत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं आग आपणच लावली.

"ही चूक सुधारायची संधी एकूण किती वेळा आली?" त्यानं विचारलं.

"अकरा वेळा."

"आणि दरवेळी तू काय केलंस?"

"डबा नेला."

"मग याला अपघात म्हणत नाहीत," तो म्हणाला. "असल्या केसमध्ये आम्ही काही देत नाही."

सासूबाई खिडकीशी बसून एका जुन्या झग्याची शिवण उसवत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते आणि आता सवयीनं घरातलेच उसवून पुन्हा शिवत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय म्हणायच्या त्या?"

"कोण, आई?"

"तुझ्या बाई. लाडू खाऊन काय म्हणायच्या?"

"चांगले झालेत म्हणायच्या."

"असं मोघम नको. शब्द सांग."

आता दशांशची स्मरणशक्ती तिच्या मुळावर आली. तिला सगळं वर्षवार आठवत होतं. पहिल्या वर्षीचं वाक्य तिनं सांगितलं. तिसऱ्या वर्षी बाईंनी चार लाडू लॅबच्या काट्यावर ठेवून पाहिले होते आणि त्यांच्यात एका ग्रॅमचाही फरक आला नव्हता. सहाव्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण हा लाडू मी गोडात धरत नाही. आठव्या वर्षी काहीच म्हणाल्या नव्हत्या, फक्त डब्याचं झाकण लावून तो आपल्या कपाटात ठेवला होता.

सासूबाईंची कात्री थांबली होती. "एका ग्रॅमचाही नाही?"

"नाही."

"आणि हे मला तू आज सांगतेस."

आवाज रागाचा नव्हता. त्यात खुशी होती, आणि दशांशला ती रागापेक्षा जड गेली.

"शिकवते मी तुला," सासूबाई म्हणाल्या. "पण रविवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. खोटं तुझं आहे, ते तूच ढवळ."

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी लाडू केले आणि दशांश वही घेऊन शेजारी उभी राहिली. रवा, तूप, साखर यांचं तिनं वजन करून घेतलं. रवा किती भाजायचा याला 'वास सुटेपर्यंत' हे उत्तर मिळालं. तिनं त्याची मिनिटं लिहिली. मग साखर कढईत गेली.

"पाणी किती, आई?"

"साखर बुडून वर पेरभर."

"पेर कुणाचं?"

"माझं. तुझ्या बोटांची मला काय खात्री?"

खरी गोम पाकातच होती. पाक एकतारी हवा, म्हणजे दोन बोटांत धरून बोटं लांब केली की मध्ये एक तार निघायला हवी. सासूबाई उकळत्या पाकाचा थेंब डावावरून सरळ बोटावर घेत. सुईनं चाळीस वर्षं टोचून घेतलेल्या त्या बोटांना आता काही भाजत नसे. "काजाच्या दोऱ्यासारखी जाड तार नको," त्या सांगत होत्या. "कड दुमडून हेम घालतात त्या दोऱ्याएवढी. आणि तुटली की दोन्ही टोकं मागे सरकायला हवीत. नुसती लोंबली तर अजून व्हायचाय."

दशांशनं एकदा बोट लावून पाहिलं आणि नळाखाली धरलं. मग ती आपल्या मार्गानं गेली. कढईच्या कडेला तिनं घरच्या थर्मामीटरची सळई अडकवली, आणि सासूबाई 'बास' म्हणाल्या त्या क्षणी आकडा टिपून घेतला. एकशे सात अंश.

तिचा जीव भांड्यात पडला. जे दोन बोटांत होतं ते आता वहीत आलं होतं. गुरुवारी तिनं तो थर्मामीटर लॅबमध्ये नेऊन रीतसर तपासला. तो दोन अंश दोन दशांश जास्त दाखवत होता. म्हणजे पाकाचं खरं तापमान एकशे चार अंश आठ दशांश. तिनं थर्मामीटरच्या आतल्या सेटिंगमध्येच ती दुरुस्ती भरून तो बरोबर केला आणि नियमाप्रमाणे पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'दुरुस्ती उणे २.२'. खाली सही.

"शनिवारी एकदा करून बघ," सासूबाई म्हणाल्या.

"आकडा आहे ना हातात," दशांश म्हणाली. शनिवार तिनं कृतीचे टप्पे टाईप करून त्या कागदाला प्लास्टिक चढवण्यात घालवला.

रविवारी मोठ्या बाई साडेनऊला आल्या. सोबत स्वतःचा एप्रन आणि पानांवर क्रमांक घातलेली नवी कोरी वही. बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या.

"नशीबवान आहात," बाई त्यांना म्हणाल्या. "सुनेच्या हातचे असे लाडू खायला मिळतात."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "मला तर बोटसुद्धा लावू देत नाही."

नवऱ्यानं वर्तमानपत्र जरा वर धरलं.

स्वयंपाकघरात सुरुवात झकास झाली. रवा ठरल्या मिनिटाला खमंग झाला. प्लास्टिकमधला कागद पाहून बाई प्रसन्न झाल्या. साखर, पाणी, आच. थर्मामीटर पाहून तर त्यांनी मान डोलावली. "मला माहीतच होतं, तुम्ही मोजूनच करत असणार."

आकडा चढत गेला. शंभर, एकशे दोन, एकशे चार. एकशे चार अंश आठ दशांशला दशांशनं गॅसच्या बटणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात तिची नजर थर्मामीटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर गेली. तिच्याच अक्षरात, तिच्याच सहीनिशी: उणे २.२. एकोणीस वर्षांच्या सवयीनं डोक्यात वजाबाकी झाली. म्हणजे अजून एकशे दोन अंश सहा दशांशच. तिनं हात मागे घेतला.

घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे म्हणून ते बरोबर लावायचं, आणि मग त्याच्याकडे बघून पुन्हा पाच मिनिटं वजा करायची, असा हा प्रकार होता. या चुकीवर तिनं मागच्याच महिन्यात दाब विभागातल्या सहकाऱ्याला चाळीस मिनिटं समजावलं होतं, आकृत्यांसह. जगात ही चूक फार थोड्या लोकांना करता येते, कारण त्यासाठी आधी बरंच शिकावं लागतं.

बाहेरच्या खोलीत सासूबाई खोकल्या. त्यांना खोकला झालेला नव्हता. बुडबुड्यांचा आवाज बदललेला त्यांना तिथवर ऐकू आला होता. त्या पुन्हा खोकल्या, जरा ठसक्यात.

"आईंना पाणी द्या कुणीतरी," दशांश आतून म्हणाली, आणि एकशे सातची वाट पाहत राहिली. एकशे सात आले तेव्हा तिला उलट हायसंच वाटलं. बुधवारीही हाच आकडा दिसला होता.

रवा पाकात गेला. कागदावर लिहिलं होतं: झाकून ठेवणे, पस्तीस मिनिटं, मधूनमधून हलवणे. दहाव्या मिनिटाला तिनं झाकण काढलं आणि कालथा घातला. कालथा आत गेला आणि तिथेच राहिला. तिनं ओढून पाहिला. कढई त्याच्याबरोबर वर आली.

दोघीजणी त्या टांगलेल्या कढईकडे बघत राहिल्या.

"नेहमी असंच होतं?" बाईंनी विचारलं. विचारण्यात खवचटपणा नव्हता. त्यांचं पेन वहीवर तयार होतं.

"नाही," दशांश म्हणाली.

बाईंनी वाकून कढईत पाहिलं, मग थर्मामीटर हातात घेतला, उलटा केला, चिठ्ठी वाचली. "पाक पुढे गेलाय इतकंच. थर्मामीटरनं दगा दिला असणार. घरगुती उपकरणं अशीच असतात. त्याला काय करणार?"

सुटकेचं दार उघडून दिलेलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. तोंडात काही नव्हतं, नुसती मान हलवूनही भागलं असतं. पण त्या थर्मामीटरवर तिची सही होती. तो तिनं गुरुवारी स्वतः तेलात बुडवून, तीनदा आकडे घेऊन बरोबर केला होता, आणि तो आत्ता या घटकेला एका दशांशाच्या आत खरं बोलत होता. लाडवांबद्दल ती अकरा वर्षं बिनदिक्कत खोटं बोलली होती. थर्मामीटरवर खोटा आळ घ्यायला मात्र तिची जीभ रेटेना. आपली तत्त्वं नेमकी कुठून सुरू होतात हे पाहून तिला स्वतःचीच कीव आली.

"थर्मामीटर बरोबर आहे, बाई," ती म्हणाली. "दुरुस्ती आत भरलेली होती. मी ती पुन्हा वजा केली."

"दोनदा?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही?"

"मी. आणि अजून एक आहे. हे लाडू मी कधीच केलेले नाहीत. आजची ही पहिली वेळ. इतकी वर्षं सासूबाई करायच्या."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग वही मिटली.

"मी तुमच्या आकड्यांवर न बघता सही करत आले," त्या शेवटी म्हणाल्या.

"आकडे खरे आहेत, बाई."

"ते मला आता तपासावं लागेल. नाही का?"

दशांशला वाटलं, कढईत जागा असती तर आपणही तिथे जाऊन घट्ट होऊन बसलो असतो.

बाई वळल्या. आता त्या एप्रन सोडून निघणार असं तिनं धरलं. पण बाई बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "लाडू तुम्ही करता?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"हो. पण सध्या बंदी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"चार लाडवांत एका ग्रॅमचाही फरक नसतो. कसं जमवता?"

"चाळीस वर्षं कापड कापलंय. हाताला अंदाज असतो." मग त्या जरा थांबल्या. "तुम्ही तो डबा कपाटात ठेवला होता म्हणे?"

"कुलूप लावून," बाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्याच. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी कढईला वरून एक टिचकी मारली, दगडी आवाज ऐकला आणि सुनेकडे पाहिलं. "मी दोनदा खोकले," त्या म्हणाल्या. एवढंच. मग कढई मंद आचेवर ठेवली, गरम पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं, उघडलं, पुन्हा मारला. गोळा हळूहळू सुटत गेला. बाई त्यांच्या खांद्यामागून वाकून पाहत होत्या. पाणी नक्की किती, हे त्यांनी विचारलं नाही. दशांशच्या ओठांवर तो प्रश्न आला होता, तो तिनं तिथेच ठेवला.

मग दोघी वळायला बसल्या. सासूबाई वळत आणि बाई त्यांच्या तळहाताकडे बघून वळत. "दाबू नका हो, पळून जात नाही तो," असं सासूबाई त्यांना म्हणाल्या. लॅबमध्ये बाईंशी या सुरात बोलून कुणी टिकलं नसतं. बाई मात्र 'बरं' म्हणाल्या. दशांशला ताटं पुसायचं काम मिळालं. तिनं एक लाडू वळून पाहिला. तो बाकीच्यांत ठेवला तर लांबून ओळखू येत होता.

निघताना बाई दारात थांबल्या. "चुकीचा अहवाल लॅबबाहेर गेला, तर आपण काय करतो?"

"मागे घेतो," दशांश म्हणाली. "ज्यांना ज्यांना गेला त्यांना लेखी कळवतो. कारणासकट."

"लाडू अठरा जणांनी खाल्लेत. मसुदा आधी मला पाठवा."

दुपारभर ती मसुदा लिहीत बसली. नवऱ्यानं 'मानवी त्रुटी' हा शब्द सुचवला. सासूबाईंचं म्हणणं, बाकी काहीही लिही, पण आजच्या गोळ्यात माझा हात नव्हता हे स्पष्ट येऊ दे. पाचव्या खेपेला तिनं तो बाईंना पाठवला. अर्ध्या तासात परत आला. एकच ओळ खोडलेली होती. तिनं लिहिलं होतं, 'याबाबत गैरसमज झाला होता.' बाईंनी सुचवलं होतं, 'गैरसमज मी होऊ दिला.' खाली लिहिलं होतं: बाकी ठीक, पाठवा. आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या सगळ्या फायली उद्या माझ्या टेबलावर हव्यात.

तिनं पाठवलं. वजन विभागातल्या सहकाऱ्याचं उत्तर पहिलं आलं: 'कळलं. लाडू येत राहतील ना?' बाकीच्यांची उत्तरंही साधारण अशीच होती. इतकी वर्षं जे उघडकीला येण्याची धास्ती होती, त्यात बाई सोडून कुणालाच फारसा रस नव्हता, हे तिला जरा लागलंही.

सोमवारी तिनं फायली नेऊन ठेवल्या. दोनशे चौदा. बाईंनी त्या खरोखरच तपासल्या. चार दिवस त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. या चार दिवसांत दशांश स्वतःच्या कामावर इतक्या वेळा शंका घेऊन बसली, की गुरुवारी तिनं एकच बर्फाचं पात्र तीनदा मोजलं. ते तिन्ही वेळा शून्यच निघालं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी तिला आत बोलावलं. फायलींचा ढीग टेबलावर होता, प्रत्येकीवर तारीख आणि सही.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या.

दशांशनं ढिगातली वरची फाईल उगाच सरळ केली.

"आधी मी न बघता सांगत होते, आता बघून सांगते आहे. यातलं कुठलं जास्त किमतीचं ते तुमचं तुम्ही ठरवा." बाईंनी चष्मा काढून पुसला. "उद्या सकाळी येते मी. पाक अजून मला जमलेला नाही. तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे येते आहे."

"बाई, घर एकच आहे."

"मग दार तुम्ही उघडा," बाई म्हणाल्या.